हिवाळी बाग : साहित्य आणि कृती

या विषयावर लिहायचा मला अधिकार काय, ते आधी सांगते. गेल्या ११ वर्षांत माझ्या हातून २६ गुलाब, ९ जरबेरा, मोजदाद न ठेवलेल्या तुळशी आणि एक निवडुंग गेला. निवडुंग मारायला कसब लागतं. मी तो रोज पाणी घालून मारला. ज्यांची बाग सहज फुलते त्यांच्याकडे शिकायला जाऊ नये. त्यांना काही विचारलं की "काही नाही गं, नुसतं पाणी घालते" एवढंच सांगतात. आमटीचं प्रमाण विचारल्यावर सुगरणी "अंदाजानं" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. रोप कशानं मरतं हे ज्याला खात्रीनं ठाऊक आहे, त्यालाच गुरू करावं.

आमची बाग म्हणजे कोथरूडला, तळमजल्यावरच्या फ्लॅटमागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची आठ फुटी पट्टी. बिल्डरच्या पत्रकात तिचा उल्लेख 'खासगी उद्यान' असा होता. तिथे शहाबादी फरशी आहे, ड्रेनेजच्या चेंबरची दोन झाकणं आहेत आणि उरलेल्या जागेत तीसेक कुंड्या. त्यातल्या चार रिकाम्या असतात, कारण कुणी ना कुणी नुकतंच गेलेलं असतं.

मुहूर्त. नवशिके जूनमध्ये सुरुवात करतात आणि फसतात. पावसाळ्यात पुण्यात छत्रीची काडी रोवली तरी तिला पालवी फुटेल. त्या चार महिन्यांत जे वाढतं ते पाऊस वाढवतो आणि श्रेय आपण घेतो. मग ऑक्टोबर उजाडतो. पाऊस माघारी फिरतो, दसऱ्याचं तोरण दारावर वाळायला लागतं, दुपारी अंगणातली फरशी तळपाय भाजते. तेरडा आडवा होतो. त्याचा रंग तीन दिवसांचा हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं, तरी दरवर्षी नव्यानं वाईट वाटतं. बागेत सगळीकडे पिवळी पानं, गोगलगायी आणि लांबच लांब वाढलेल्या, फुलाचा पत्ता नसलेल्या फांद्या. हाच मुहूर्त. डिसेंबर-जानेवारीत जी बाग लोक दारात थांबून बघतात, ती या भाजक्या पंधरवड्यात तयार होते.

साहित्य : एक खुरपं, एक धारदार सिकेटर, बारीक भोकांची झारी, जुनी ताडपत्री, कुजलेलं शेणखत, कोकोपीट, नीमपेंड, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या आणि निर्दयपणा चवीनुसार. फुलाफुलांचे हातमोजे, कुंडीत रोवायचे चिनी मातीचे बेडूक, 'माझी छोटीशी बाग' असं लिहिलेली लाकडी पाटी यांतलं काहीही घेऊ नये. मी तिन्ही घेतली. बेडूक अजून जिवंत आहे.

कृती. सगळ्यात आधी नर्सरीत जायचं नाही. हे वाक्य परत वाचा. ऑक्टोबरमध्ये सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे गेलात तर दोन्ही बाजूंना नर्सऱ्या लागतात आणि गाडी आपोआप डावीकडे वळते. तिथले दादा कुठल्याही रोपाकडे बोट दाखवलं तरी "बारमाही आहे ताई, फुलं थांबत नाहीत" म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे ती खरंच थांबत नाहीत. पण तुमच्या घरी त्या रोपाला बसायला जागा कुठे आहे? कुंडीत मागच्या वर्षीची, दगड झालेली माती आहे. म्हणून आधी कुंडी उलटी करा.

माती ताडपत्रीवर पसरा आणि चार-पाच दिवस उन्हात तापू द्या. ऑक्टोबरच्या उन्हाचा एवढा एकच चांगला उपयोग मला सापडलाय. माती उलटताना पांढऱ्या, जाडजूड, स्वल्पविरामासारख्या वळलेल्या अळ्या मिळतील. या हुमणी. जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी दिव्याभोवती जे तपकिरी भुंगेरे आपटत होते, त्यांची ही संतती. पावसाळाभर त्या मुळं कुरतडत होत्या आणि तुम्ही पानांवर औषध मारत होता. अळ्या ताडपत्रीवर तशाच ठेवून घरात या, चहा टाका. चहा उकळेपर्यंत साळुंक्या येऊन जातात. मला कुंडीत याखेरीज दोन चमचे, एक अंगठीतला खडा आणि सासूबाईंनी 'कामवालीनं नेली' म्हणून जाहीर केलेली अडकित्त्याची एक बाजू मिळाली. त्या बाईंची माफी मागायला मला पाठवलं गेलं.

तापलेली माती निम्मी, शेणखत पाव भाग, कोकोपीट पाव भाग, बारा इंची कुंडीला मूठभर नीमपेंड. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून शेणच आहे. खत व्हायला त्याला वेळ द्या, नाहीतर मुळं भाजतील. कुंडीच्या भोकावर खापरी पालथी ठेवायची, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. पाणी रोज घालायचं नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर झारी खाली ठेवून निघून जायचं. हे निघून जाणं फार अवघड आहे. माझ्या निवडुंगाला विचारा.

आता जागा, आणि इथे भूगोल आडवा येतो. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो, किंचित उत्तरेकडेही झुकतो. तेव्हा आमच्या उत्तरेकडच्या पट्टीत झकास ऊन होतं. मी खूश होऊन शेवंती, गुलाब, सगळे भिंतीशी ओळीनं मांडले. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, दक्षिणेला, म्हणजे आमच्या चार मजली इमारतीच्या मागे. पट्टीला सावली पडली ती फेब्रुवारीपर्यंत. तेव्हापासून दसरा झाला की आमच्याकडे कुंड्यांची वारी निघते, इमारतीला वळसा घालून पार्किंगच्या कडेला. भिजलेली बारा इंची कुंडी उचलताना "हे" दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "एवढं करून फुलं किती येतात?" त्याचं उत्तर देऊ नये.

गुलाबावर मात्र जरा थांबायला हवं, कारण निर्दयपणा इथेच लागतो.

माझ्या २६ गुलाबांतला सतरावा कधी मेलाच नाही. तो वाढला. दुसऱ्या वर्षी कमरेएवढा, तिसऱ्या वर्षी डोक्यावर. हिरवागार, तरतरीत, काटे असे की त्याच्या बाजूनं साडी नेसून जाता येत नव्हतं. फूल एकही नाही. मी त्याला शेणखत घातलं, केळ्याच्या साली घातल्या, ताक घातलं, सासूबाईंनी त्याच्यासमोर उदबत्ती लावली. शेवटी सोसायटीच्या हिरवळीवर येणाऱ्या माळीबुवांना हाक मारली. त्यांनी झाडाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"ताई, हा गुलाब नाही."

"मग काय आहे?"

"हा खालचा आहे. वरचा गेला."

बाजारातला कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली रानगुलाबाचा काटक खुंट, आणि त्यावर डोळा भरून बसवलेला आपला लाडका तांबडा किंवा पिवळा. खुंटाला आपलं स्वतःचं आयुष्य असतं. जोडाच्या खालून तो फुटवे काढत राहतो. ते वेळच्या वेळी मुळाशी मोडले नाहीत तर सगळा जोर ते ओढून घेतात आणि वरचा गुपचूप वाळून जातो. ओळखायचं कसं, तर ढोबळमानानं देठाला पाच पानं दिसली तर आपला, सात दिसली तर खालचा. पण खरी खूण फुटवा जोडाच्या वरून आलाय की खालून, हीच. मी तीन वर्षं खुंटाला ताक पाजत होते. घरजावयाचं श्राद्ध झालं तरी सासुरवाडीला पत्ता नाही, अशातली गत.

ते असो. छाटणी ऑक्टोबरातच करायची. दोन-चार दिवस पाणी कमी करा आणि मग मन घट्ट करून वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक अशा सगळ्या काड्या काढून टाका. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या साधारण निम्म्यावर आणा. काप तिरका, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर. डोळा आतल्या बाजूचा निवडलात तर नवी फांदी आत वाढते आणि झाडाच्या मध्यावर घरगुती भांडणं सुरू होतात. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा. काम झाल्यावर झाड बघून रडू येईल, शेजारीण "अगं बाई, काय झालं याला?" म्हणेल. पंचेचाळीस-पन्नास दिवस धीर धरला की पहिली कळी. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे ताटाएवढे गुलाब बाटलीत मान ताठ करून उभे असतात. त्यांच्या मालकांनी छाटणीची तारीख उलटी मोजून काढलेली असते, लग्नाच्या मुहूर्तासारखी. आपण तिथे तिकीट काढून जायचं.

बिया. पेटुनियाचं बी विकत घेतलंत तर पाकीट रिकामं आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आत आहे. एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावतं, दळलेल्या कॉफीसारखं दिसतं. त्यात बारीक वाळू मिसळून पसरट ट्रेमध्ये भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी ट्रेच्या खालून द्यायचं. आणि शिंक आली तर तोंड वळवायचं. मागच्या वर्षीचा माझा सगळा पेटुनिया चेंबरच्या झाकणाच्या फटीत उगवला आणि तिथे तो उत्तम आला, हे मी कबूल करते. कॅलेंडुला, फ्लॉक्स, डायांथस, ॲस्टर हे त्या मानानं सभ्य लोक. बियाच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरलं की आठवडा-दोन आठवड्यांत तोंड दाखवतात.

झेंडूचं बी विकत घेणं म्हणजे पुण्यात राहून पाट्या विकत घेण्यासारखं आहे. दारावरचं तोरण वाळलं की फूल चुरगाळा. काळ्या काड्या, टोकाला फिकट शेंडी, तेच बी. निम्मं पोकळ निघतं आणि संकरित फुलाची पोरं आईबापांवर जातीलच असं नाही, पण फुकटात आणखी काय हवं? आपल्या सणावाराला इतका हक्कानं बसलेला हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन' म्हणतात. म्हणजे कुठल्याच देशात त्याची कागदपत्रं धड नाहीत, आणि त्याचं काही अडलेलंही नाही.

इथे माझ्या नणंदेचा उल्लेख टाळता येत नाही. ती न्यू जर्सीत, एडिसनला असते. ऑक्टोबरात तिचा व्हिडिओ कॉल येतो तो मेपलची पानं गोळा करताना. आपण बागेला उठवत असतो तेव्हा ती बागेला निजवत असते. ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कंद सहा-आठ इंच खोल पुरते, वर पानांचं पांघरूण घालते आणि एप्रिलपर्यंत त्याकडे ढुंकून बघत नाही. ट्यूलिपचे कंद खारी उकरून खातात. डॅफोडिलचे विषारी म्हणून त्यांना तोंड लावत नाहीत. "तुमच्याकडे नाहीत ना खारी, लाव की ट्यूलिप!" ती म्हणाली. मी लावले.

आता नीट ऐका. ट्यूलिपला फुलण्याआधी बारा-सोळा आठवडे कडक थंडी लागते, आणि कोथरूडची थंडी म्हणजे पहाटे मफलर, दहा वाजता पंखा. म्हणून ऑनलाइन मागवलेले दहा कंद मी कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. सफरचंदं शेजारी ठेवायची नाहीत; पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूनं आतली कळी खराब होते. ती काळजी मी घेतली. सासूबाईंची घेतली नाही. त्यांचा चातुर्मास चालू होता. कार्तिकी एकादशीपर्यंत आमच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य, आणि त्यांना कोथिंबिरीच्या जुडीमागे दहा कांदे सापडले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मुंबईच्या जाऊबाईंना फोन करून "हल्ली घरात लपवून खातात" एवढंच सांगितलं. मी खुलासा केला, "आई, ती फुलं आहेत." त्या म्हणाल्या, "हो ना, आणि मी हेमामालिनी." नऊ आठवड्यांनंतर कंद फ्रिजमधून हद्दपार झाले. थंडी अपुरी पडली की ट्यूलिपचा दांडा लांबत नाही. आमचा एक फुलला, थेट मातीवर, दांड्याविना, कुणीतरी पाडलेल्या आइस्क्रीमसारखा. नवशिक्यांनी निशिगंधाचे कंद लावावेत. त्यांना फ्रिज लागत नाही आणि घरात वादही होत नाहीत.

कीड. मावा, तुडतुडे, आणि जास्वंदीवर कापसासारखा बसणारा पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, आठवड्यातून एकदा संध्याकाळी. गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी सगळ्या त्याखाली जमलेल्या मिळतात. कबुतरांवर माझ्याकडे उपाय नाही. कबुतर तुमची सर्वांत चांगली, नुकतीच भरलेली कुंडी निवडतं, त्यात चार काड्या टाकून तिला घरटं म्हणतं आणि दोन अंडी घालतं. अठराएक दिवसांनी पिल्लं, पुढे महिनाभर त्यांचं शिक्षण. तोवर हंगाम संपतो. त्या कुंडीला श्रद्धांजली वाहून पुढे जावं.

दोन पायांच्या किडीबद्दल थोडं. पहाटे साडेपाचला प्लास्टिकची पिशवी आणि आकडा लावलेली काठी घेऊन फिरायला निघणारे सज्जन पुण्याच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्या पिशवीतली सगळी फुलं देवाची असतात. कंपाउंडच्या बाहेर फांदी गेली की ती सार्वजनिक, असा त्यांचा कायदा आहे; आणि त्याला पुराणाचा आधारही आहे. सत्यभामेनं हट्टानं पारिजातक लावून घेतला आणि फुलं पडली रुक्मिणीच्या अंगणात. भिंतीलगत झाड लावू नये, हे तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या ह्यांनी पाटी लावली : 'येथील फुले देवाचीच आहेत. आमच्या देवाची.' दुसऱ्या दिवशी एक आजोबा पाटी वाचत उभे होते. मला बघून शांतपणे म्हणाले, "म्हणजे देव तुमचा निराळा, आमचा निराळा?" आणि जास्वंद तोडून निघाले. पाटी आम्ही काढली. फूल वेळेवर तोडलं की झेंडूला आणि गुलाबाला पुढचा बहर लवकर येतो, हे खरं आहे, आणि ते काम ते फुकट करतात, हेही.

शेवंतीबद्दल शेवटी लिहितेय, कारण तिनं मला सगळ्यांत जास्त छळलं. सासूबाईंची एकच मागणी होती : मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरची शेवंती हवी. ऐन त्या दिवशी मंडईत भाव विचारायची सोय नसते. मी मे महिन्यात काड्या लावल्या, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडले, म्हणजे झाड झुडपासारखं भरतं. माती, खत, ऊन, सगळं जिथल्या तिथे. समोरच्या इमारतीतल्या बाईंची शेवंती दिवाळीनंतर कळ्यांनी लगडली. माझी नुसती हिरवी. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, हिरवी.

झाडांना रात्र मोजता येते, हे मला तेव्हा कळलं. गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली, फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं हे तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं होतं. शेवंती त्याच जातकुळीची. रात्र पुरेशी लांब झाली, आणि सलग अंधारी राहिली, तरच ती कळी धरते. आणि आमच्या पार्किंगमध्ये, जिथे आम्ही ऊन शोधत कुंड्या नेल्या होत्या, सोसायटीनं गणपतीत नवा एलईडी बसवला होता. रात्रभर चालू. सुरक्षेसाठी. माझ्या शेवंतीच्या हिशेबानं अजून जूनच चालू होता.

मी समितीला अर्ज दिला. विषय : शेवंतीला अंधार मिळणेबाबत. तो वार्षिक सभेत वाचून दाखवला गेला आणि त्यानंतर काही काळ सभेचं कामकाज होऊ शकलं नाही. दिवा राहिला. मग पुढच्या दसऱ्याला मी सासऱ्यांची काळी घोंगडी बाहेर काढली. वारीला नेलेली, जाड, आरपार काही दिसणार नाही अशी. दोन स्टुलं, त्यांवर घोंगडी, आत पाच कुंड्या. रोज दिवेलागणीला झाकायची, सकाळी सातला काढायची. एक दिवसही चुकवायचा नाही. पाहुणे असोत, सिनेमा असो, ह्यांचा वाढदिवस असो. मी लग्नसमारंभांतून पावणेसहाला उठले आहे. "घरी लहान कुणी आहे का?" असं लोक विचारतात.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोनला बाहेर आरडाओरडा ऐकू आला. रात्रपाळीला नवे वॉचमन मामा आले होते. काठीनं घोंगडीला ढोसून म्हणत होते, "ओ पावणं, उठा, हितं झोपायचं न्हाई." मी गाऊनवर शाल घेऊन धावले आणि पार्किंगमध्ये, एलईडीच्या उजेडात, त्यांना गार्नर आणि ॲलर्ड समजावून सांगितले. मामा साताऱ्याकडचे, घरची शेती. शांतपणे ऐकून घेतलं, घोंगडीचं एक टोक वर गेलं होतं ते स्वतःच खाली ओढलं.

नोव्हेंबरच्या मध्याला कळ्या दिसल्या, मोहरीएवढ्या. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. परवा रात्री तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा उशिरा आला, मोटरसायकलचा हॉर्न दिला, तेव्हा खिडकीतून मामांचा दबका आवाज ऐकू आला, "हळू, ए. शेवंती झोपलीय."